‘काही होणार नाही’ म्हणण्याआधी

दाताच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना बहुतेक आया, आज्या, बाबा मुलाला एकच गोष्ट सांगत असतात: ‘काही होणार नाही हं, डॉक्टर नुसतं बघणार आहेत.’ सांगणाऱ्याच्या पोटात माया असते, यात शंकाच नाही. पण चार वर्षांच्या मुलाचा हिशेब वेगळा असतो. बागेत जाताना, मामाकडे जाताना कुणी त्याला ‘काही होणार नाही’ असं सांगत नाही. मग इथेच का सांगतायत? म्हणजे काहीतरी नक्की होणार. त्याचा हा तर्क चोख असतो. आणि डॉक्टरांनी नुसतं न बघता किडलेली दाढ साफ करायला घेतली, की त्याच्या लेखी दोन माणसं खोटी ठरतात. त्यातल्या एकाचा हात त्याने घट्ट धरलेला असतो.

मुलांच्या दाताच्या भीतीचा विषय निघाला की बोलणं लगेच छतावरच्या कार्टूनकडे आणि बक्षिसाच्या स्टिकरकडे वळतं. कार्टून, स्टिकर कामाला येतात. पण मूल खुर्चीत टिकतं ते मुख्यतः दोन आधारांवर. आपल्याला खरं सांगतायत हा विश्वास, आणि ‘थांबा’ म्हटलं तर हे थांबतील ही खात्री. हे दोन्ही हातचे गेले की भारीतली भारी उपकरणंही फार उपयोगी पडत नाहीत.

भीतीचं बी बऱ्याचदा घरातच पेरलं जातं. ‘मस्ती केलीस तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचायला लावीन’ ही धमकी आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की देणाऱ्याला ती धमकी वाटतही नाही. ‘खा अजून चॉकलेटं, मग बस दाढ काढून घेत’ ही तिचीच बहीण. मावशी फोनवर आपल्या रूट कॅनलचं साग्रसंगीत वर्णन करत असते आणि मूल बाजूला फरशीवर गाड्या फिरवत असतं. ते खेळतंय असं आपल्याला वाटतं, पण ते सगळं ऐकत असतं. दवाखान्याचं तोंडही न पाहिलेलं मूल दारातच किंचाळतं तेव्हा त्याच्यामागे असलं काहीतरी ऐकलेलं असतं, किंवा लसीच्या सुईची आठवण असते. पांढरा कोट, स्पिरिटचा वास, आडवं झोपवणं, हात धरणं या सगळ्या खुणा त्याच्या ओळखीच्या असतात.

वयाचंही भान लागतं. दीड-दोन वर्षांचं मूल अनोळखी माणसाने तोंडात हात घातल्यावर रडणारच. त्यात ना त्याचा हट्ट, ना आईबापाच्या संस्कारांचा दोष. त्या वयात ‘सहकार्य’ ही अपेक्षाच चुकीची आहे. तिसऱ्या वर्षाच्या आसपास शब्द कामाला येऊ लागतात, चौथ्या-पाचव्या वर्षी कल्पनाशक्ती जोरात असते, म्हणून न दिसणाऱ्या गोष्टी दिसणाऱ्यांपेक्षा जास्त घाबरवतात. सहा-सात वर्षांचं मूल कारण समजू शकतं आणि ठरलेला करार पाळू शकतं. १९६२ साली फ्रँकल या दंतवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाच्या दवाखान्यातल्या वागण्याची जी चार पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, ती आजही केसपेपरवर दोन वजा (पूर्ण नकार), एक वजा, एक अधिक, दोन अधिक (आनंदाने सहकार्य) अशा खुणांनी लिहितात. दर भेटीला ही खूण लिहिलेली असली तर मूल पुढे सरकतंय की मागे, ते कळतं. एकाच रडण्यावरून ‘हे मूल अवघड आहे’ असा शिक्का मारण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पहिली भेट पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. एवढ्या लवकर काय दाखवायचं, असं घरात कुणीतरी म्हणतंच. तपासणी होते दोन मिनिटांची, पण ती कशी होते ते नीट पाहण्यासारखं आहे. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मूल आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून, दोन पाय तिच्या कमरेच्या दोन बाजूंना. मग त्याला हळूच मागे झोपवायचं, म्हणजे डोकं डॉक्टरांच्या मांडीवरच्या उशीवर येतं. आईने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायचे आणि कोपरांनी त्याचे पाय अलगद धरायचे. आता मुलाने डोळे उघडले की समोर आईचा चेहरा दिसतो. ते रडलं तर तोंड आपोआप उघडतं आणि दाढांपर्यंत सगळं दिसतं, त्यामुळे रडण्याने काही अडत नाही. डॉक्टर बोटाने वरचा ओठ उचलतात आणि पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ आहे का बघतात. ही किडीची पहिली खूण. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात. खालच्या पुढच्या दातांवर जीभ आणि लाळेचं पांघरूण असतं, म्हणून ते बरेच दिवस वाचतात. रेघ पांढरी असतानाच सापडली तर दातावर फासायचं फ्लोराइड व्हार्निश आणि रात्रीच्या सवयीत बदल एवढ्यावर भागू शकतं. पाहणं झालं की मुलाला लगेच उठवून आईच्या खांद्यावर द्यायचं. रडणं बहुतेक वेळा तिथेच थांबतं. ‘रडलो, पण लगेच सुटलो’ ही पहिली नोंद त्याच्यासाठी चांगली असते.

याची तालीम रोज रात्री घरी होऊ शकते. मुलाला उभं करून, ते पळत असताना मागे धावत दात घासण्याऐवजी पलंगावर आडवं झोपवून त्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्यावं. मोबाइलचा टॉर्च लावावा, बोटाने ओठ बाजूला करावा, दात मोठ्याने मोजावेत. दुधाचे दात वीस, ते सगळे यायला अडीच-तीन वर्षं लागतात, म्हणजे मोजणी महिन्या-महिन्याला वाढत जाते आणि मुलाला त्याची गंमत वाटते. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सहा-सात वर्षांपर्यंत शेवटचा ब्रश मोठ्या माणसानेच फिरवायचा. ज्या मुलाला आडवं झोपून, उजेडात, दुसऱ्याच्या हाताने दात घासून घ्यायची सवय आहे, त्याला दवाखान्याची खुर्ची अर्धी ओळखीची असते.

खुर्चीतल्या कामाची एक जुनी, साधी आणि अजूनही सर्वात उपयोगी रीत आहे: आधी सांगा, मग दाखवा, मग तेच करा. १९५९ साली अ‍ॅडलस्टन या दंतवैद्यांनी ती मांडली. कागदावर सोपी वाटते, पण चुकते ती क्रमात आणि वेगात. ‘हा बघ फवारा, याने दाताची धूळ उडते’ असं सांगायचं. मग तो मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा, पाण्याचा थंडपणा आणि शिट्टीसारखा आवाज त्याला बोटावर कळू द्यायचा. आणि मग लगेच, मध्ये दुसरं काहीही न करता, दातावर तेच करायचं. दाखवला ब्रश आणि तोंडात घातलं ड्रिल असं एकदा जरी झालं तरी रीत मोडते. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं वेगवान ड्रिल, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. त्याचा तो बारीक, चिरत जाणारा आवाज मोठ्यांनाही नकोसा वाटतो. मुलांच्या कानाला उंच पट्टीतले आवाज आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतात. म्हणून पहिल्याच दिवशी एअरोटर चालू करायचा नाही. आधी आरसा, मग पाणी ओढणारी नळी, मग दात चमकवण्याचा मऊ रबरी कप. डावा हात वर केला की थांबायचं, असा करार करायचा आणि पहिल्या पाच मिनिटांत तो मुद्दाम एकदा पाळून दाखवायचा. मूल उगाचच हात वर करून बघतं. बघू द्यावं. ते परीक्षा घेत असतं, आणि डॉक्टर त्यात पास झाले की त्याचा हात वारंवार वर होणं आपोआप कमी होतं.

आता दात बधिर करण्याची सुई. सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो, म्हणून जरा सविस्तर.

हिरडी आधी कापसाने कोरडी करावी लागते. ओल्या हिरडीवर लावलेलं, सुईआधीचं बधिर करणारं जेल लाळेत वाहून जिभेवर उतरतं, जीभ बधिर होते, मूल घाबरतं आणि हिरडी तशीच राहते. जेल थोडंसंच, कापसाच्या बोळ्यावर, आणि ते एक ते दोन मिनिटं तिथे राहू द्यायचं. घाईत बरेच जण दहा सेकंदांत पुढे जातात, मग जेलचा उपयोग फक्त चवीपुरता उरतो. बेन्झोकेनचं जेल दोन वर्षांच्या आतल्या मुलांना वापरू नये, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते. हिरड्या शिवशिवतात म्हणून दुकानातून आणून घरी चोळण्याचा तर प्रश्नच नाही. सुई ३० गेजची. गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक. गाल बोटांनी ताणून किंचित हलवत राहायचा, कारण त्या हलण्याकडे लक्ष गेलं की टोचणं कमी जाणवतं. आणि औषध सोडायचं अगदी हळू, एक मिलिलिटरला साधारण एक मिनिट. दुखतं ते बऱ्याचदा टोचण्यामुळे नव्हे, औषध भर्रकन आत गेल्याने पेशी ताणल्या जातात त्यामुळे. सुईतून देतात त्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची सुरक्षित मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरली तर १५ किलोच्या मुलाला २ टक्क्यांचं औषध जास्तीत जास्त ३.३ मिलिलिटर. एका दाढेला याच्या निम्म्यातही भागतं. म्हणूनच कामाच्या आधी मुलाचं वजन विचारणारे किंवा प्रत्यक्ष करणारे डॉक्टर बघून पालकांनी निश्चिंत व्हावं.

सिरिंज मुलाच्या नजरेसमोरून न नेता हनुवटीखालून आणतात. ही लपवाछपवी झाली का? माझ्या मते नाही. मोठ्यांनाही सुईकडे बघायला आवडत नाही. पण मुलाने सरळ विचारलं, ‘सुई आहे का?’ तर उत्तर सरळच हवं: ‘हो, बारीक आहे. चिमट्याएवढं वाटेल. मी पाचपर्यंत मोजते, तोवर तू पायाची बोटं हलव.’ ‘दात झोपवायचं पाणी’ (बधिर करण्याचं औषध), ‘दाताचा फोटो’ (एक्स-रे), ‘दाताचा रेनकोट’ (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) असे शब्द मुलांना आवडतात आणि ते वापरावेत, फक्त सरळ प्रश्न चुकवायला वापरू नयेत. आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते. बधिर केल्यावर दुखणं जातं, दाब जाणवतोच. ‘दाढेला ढकलल्यासारखं वाटेल, ते तेवढंच’ हे आधी सांगितलं नसेल तर मूल दाबालाच दुखणं समजतं. सांगितलेलं असलं की ते स्वतःच म्हणतं, ‘ढकलतायत.’

या सगळ्या वेळात सोबतच्या मोठ्या माणसाने काय करायचं? शक्यतो कमी. मुलाच्या पायाशी बसावं, एक हात त्याच्या घोट्यावर ठेवावा आणि बोलणं एकट्या डॉक्टरांना करू द्यावं. दोघं-तिघं एकदम बोलू लागले की मुलाला कुणाचं ऐकावं कळत नाही. ‘झालं झालं, बस झालं, अगदी थोडं राहिलंय, घाबरू नकोस’ हा जप तर टाळायलाच हवा. लस टोचताना आणि तशाच इतर वेळी मुलांच्या वागण्याचा जो अभ्यास झाला आहे, त्यात असं वारंवार धीर देण्याने रडणं वाढलेलं दिसतं आणि भलत्याच विषयावर बोलण्याने कमी झालेलं. कारण उघड आहे: धीराचा प्रत्येक शब्द त्याला दाढेकडे परत आणतो. त्यापेक्षा काल मांजराने काय केलं ते सांगा. व्हिडिओ काढू नका. ‘रडला नाहीस तर गाडी घेऊन देईन’ असा सौदाही करू नका. रडू आलं की गाडीही गेली, म्हणजे आता गप्प राहण्याचं काही कारणच उरलं नाही. शाबासकी नंतर, आणि नेमकी द्यावी: ‘एवढा वेळ तोंड उघडं ठेवलंस!’

सोबत कोण येणार हे घरी आधी ठरवायला हवं, आणि इथे आईबापांच्या स्वतःच्या भीतीशी गाठ पडते. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी जणांनी लहानपणी अर्धवट बधिर झालेली दाढ काढून घेतलेली आहे. त्यांना दवाखान्याच्या वासानेच घाम फुटतो, लवंगेच्या तेलाचा तो वास. यात शरमेचं काही नाही. पण घट्ट झालेली मूठ, रोखलेला श्वास, ‘बाई गं’ असा निसटलेला उद्गार मुलाला शब्दांच्या आधी कळतो. अशा वेळी बाबा, आत्या, मामा, घरातलं जे सर्वात शांत माणूस असेल त्याने न्यावं, मग ते कुणीही असो. दुसरं कुणीच नसेल तर डॉक्टरांना वेळ घेतानाच सांगावं, ‘मला स्वतःला भीती वाटते.’ चांगले डॉक्टर मग पालकांसाठीही काम सोपं करतात: कुठे बसायचं, कधी बाहेर जायचं, कुठल्या क्षणी खिडकीबाहेर बघायचं. स्वतःची दाढ काढायच्या दिवशी मुलाला सोबत नेऊ नये. साधी दातसफाई असेल आणि आपण शांत असू, तर मात्र जरूर न्यावं.

मुलाला कधी सांगायचं? तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी, थोडक्यात. आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर ते भीतीच घेऊन फिरतं. वेळ सकाळची, पोट भरलेलं पण गच्च नाही, दुपारच्या झोपेची वेळ सोडून. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ या वयात टिकत नाही.

सर्वात वाईट पहिली भेट असते ती रात्रभर दुखून गाल सुजल्यावरची. मूल झोपलेलं नसतं, काही खाल्लेलं नसतं आणि नेमकं तेव्हाच औषधही साथ देत नाही. पू झालेल्या जागेतली आम्लता वाढते, त्यामुळे बधिर करण्याचं औषध मज्जातंतूपर्यंत नीट पोचत नाही. मूल ‘अजून दुखतंय’ म्हणतं ते खरंच असतं. अशा वेळी ‘नाटकं करू नकोस’ म्हणणं अन्याय आहे. पू निघायला वाट करून देणं, गरज असेल तर औषधं देणं आणि मुख्य काम दोन-तीन दिवसांनी करणं शहाणपणाचं ठरतं. ‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे’ म्हणून महिनोन्‌महिने थांबलेली घरं इथे येऊन पोचतात. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चघळायला लागतात आणि पक्क्या दातांची जागाही राखून ठेवतात.

दर वेळी सुई आणि ड्रिल लागतंच असंही नाही. कीड मज्जेपर्यंत, म्हणजे दाताच्या आतल्या जिवंत गाभ्यापर्यंत, गेलेली नसेल तर ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध बारीक ब्रशने कोरड्या दातावर मिनिटभर लावून ती रोखता येते. किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे पालकांना आधी फोटो दाखवून सांगायलाच हवं. पुढच्या दातांवर अनेक घरांना ते पटत नाही, दाढांवर चालतं. ओठाला किंवा गालाला लागलं तर तिथला डाग काही दिवसांत जातो. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दाढ न कोरता, न बधिर करता, स्टीलची कॅप सिमेंट भरून वरून दाबून बसवतात. दोन दाढांमध्ये जागा नसेल तर तीन-पाच दिवस आधी रबराची बारीक कडी घालून ठेवतात. कॅप बसल्यावर चावताना दाढ उंच लागते, काही आठवड्यांत ते जुळून येतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा हिरडीवर पुळी असेल तर मात्र हे दोन्ही मार्ग बंद.

सगळं करूनही काही मुलांना खुर्ची पेलत नाही. आवाज, उजेड, स्पर्श यांचा फार त्रास होणारी मुलं, स्वमग्न मुलं, किंवा आठ-दहा दाढा किडलेलं तीन वर्षांचं मूल. पूर्वी किंचाळणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून गप्प करण्याची रीत पाठ्यपुस्तकांत होती. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने ती २००६ साली आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली, आणि बरं झालं. आज नाकावरच्या छोट्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर ३० ते ५० टक्के नायट्रस ऑक्साइड हा भीती सैल करणारा वायू देता येतो. मूल जागं राहतं, सैलावतं, आणि काम संपल्यावर पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला की वायूचा अंमल उतरतो. सर्दीने नाक बंद असेल तर हे चालत नाही, मास्क सहन न होणाऱ्या मुलालाही नाही. फार काम असेल तर रुग्णालयात पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळं करतात. त्याआधी घन पदार्थ ६ तास, आईचं दूध ४ तास, पाणी २ तास बंद. आजीने मायेने भरवलेलं एक बिस्कीट पूर्ण दिवस वाया घालवू शकतं, म्हणून हे आकडे घरातल्या प्रत्येकाला लिहून द्यावेत. पूर्ण भूल म्हणजे पालकांचा पराभव, असं कुणी मानू नये. घाबरलेल्या मुलाला पाच वेळा धरून ठेवण्यापेक्षा ती अनेकदा जास्त माणुसकीची असते.

काम आटोपून घरी निघताना ओठ अजून बधिर असतो, दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त. मुलाला तो जाड, परका वाटतो आणि ते त्याला चावत बसतं, कारण दुखतच नाही. त्या वेळात जेवण नको, गार दूध चालेल, आणि दर थोड्या वेळाने ओठाकडे नजर हवी. चावलाच तर दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो आणि त्यावर पांढरट पापुद्रा दिसतो. हा पू नसतो, भरत आलेल्या जखमेचा थर असतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. तिखट-आंबट टाळावं, ओठाला साधं व्हॅसलिन लावावं, आठवड्या-दोन आठवड्यांत भरतं. ताप आला किंवा सूज गालाकडे चढू लागली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.